मुलींच्या नोकरीविषयी थोडेसे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



चिटणीसबाईंनी गेल्या महिन्यात मला निरोप दिला की वर्धापनदिनाला तुम्ही नोकरी या विषयावर बोला. मी प्रथम नाहीच म्हटले. जिने जन्मात एक दिवस नोकरी केली नाही, जिची शाळा सातवीत सुटली, त्या बाईने नोकरीवर काय बोलावे? पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या ओसरीवर पोरी फायली घेऊन बसलेल्या दिसतात. त्यांना जे सांगता तेच इथे सांगा." हे मात्र खरे आहे. थोरल्या मुलीच्या शिक्षणापायी आणि नोकरीपायी तहसील कचेरी, सेतू, कॉलेज आणि बुलढाण्याच्या फेऱ्या मारता मारता कोणता कागद कुठल्या खिडकीवर मिळतो हे मला पाठ झाले. तेव्हापासून आळीतल्या बाया मुलींना घेऊन येतात. म्हणून मी जे सांगणार ते पुस्तकातले कमी आणि पायऱ्या झिजवून कळलेले अधिक आहे, एवढे लक्षात घेऊन ऐकून घ्यावे.

नोकरी शोधणे म्हणजे जाहिरात शोधणे असे आपल्याकडे समजतात. मोबाईलवर जाहिरात आली की मुलीला म्हणायचे, "भरून टाक." माझ्या मते जाहिरात ही फार पुढची गोष्ट झाली. तिच्या आधी आईबापांनी दोन गोष्टी मोजल्या पाहिजेत. या कामाच्या जागा किती आणि त्यासाठी रांगेत उभ्या किती, ही पहिली. आपल्या मुलीने त्या रांगेत किती वर्षे उभे राहायचे, ही दुसरी. घरी कार्य असले तर पाने किती वाढायची ते विचारल्याशिवाय आपण भाताचे आधण ठेवत नाही. मुलीच्या आयुष्याची पाच-सात वर्षे मात्र न मोजता देऊन टाकतो.

डी.एड.चे उदाहरण तर आपणा सर्वांच्या घरातले आहे. बारावी झाली की दोन वर्षांचा कोर्स, मग जिल्हा परिषदेची शाळा, पगार, पेन्शन, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी. मुलीच्या जातीला याहून चांगली नोकरी नाही असे सारे म्हणत. सन २००० नंतरच्या दहा वर्षांत गावोगाव डी.एड. कॉलेजे निघाली. स्थळे पाहणारेसुद्धा "मुलगी डी.एड. आहे का?" असे आधी विचारू लागले. माझी धाकटी जाऊ २००९ साली डी.एड. झाली. फीसाठी तिच्या वडिलांनी दोन एकर कोरडवाहू विकले होते. मुलगी मास्तरीण झाली की पुन्हा घेऊ, असे ते म्हणत.

२०१० साली शिक्षकभरतीची परीक्षा झाली आणि त्यानंतर भरतीची गाडी जी थांबली ती थांबली. २०१२ साली शासनाने भरतीवर बंदी आणली. २०१३ पासून टी.ई.टी. म्हणून आणखी एक परीक्षा आली. २०१७ साली पवित्र पोर्टल निघाले आणि त्यावरची पहिली निवडयादी लागली ती २०१९ च्या ऑगस्टात. म्हणजे मध्ये नऊ वर्षे गेली. या नऊ वर्षांत माझ्या जावेला दोन मुले झाली, सासूचे आजारपण झाले, आणि ती स्वतः एका खाजगी शाळेत तीन हजार रुपयांवर सात तुकड्या शिकवीत होती. तेथे कायम करण्यासाठी चालकांनी जो आकडा सांगितला तो ऐकून आमचे मामंजी दोन दिवस जेवले नाहीत. २०२४ साली पुन्हा मोठी यादी लागली, परंतु तोवर तिची उमेद संपली होती. आता ती घरी शिकवण्या घेते. पोरे तिच्याकडे धावत येतात, इतकी ती छान शिकवते. विकलेली जमीन मात्र विकलेलीच राहिली.

तिच्या हुशारीत काही कमी नव्हते हे मला मुद्दाम सांगावयाचे आहे. कॉलेजे जितकी निघाली तितक्या शाळांत जागा नव्हत्या, हा साधा हिशेब होता. फी घेणाऱ्याने तो सांगितला नाही आणि देणाऱ्याने विचारला नाही. ज्या कोर्सला सारे गाव धावते त्याच्या जागा बहुधा आदल्या वर्षीच भरलेल्या असतात.

आजच्या सरकारी भरतीचेही तसेच पाहा. २०२३ साली तलाठ्यांची भरती निघाली तेव्हा साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. फी खुल्या वर्गाला १००० रुपये, राखीव वर्गाला ९०० रुपये. २०२४ सालच्या पोलीस भरतीत १७ हजारांवर जागांना १७ लाखांवर अर्ज आले. म्हणजे पोलिसांत शंभरांत एक आणि तलाठ्यांत दोनशेंहून अधिकांत एक. म्हणून परीक्षा देऊच नयेत असे मी म्हणत नाही. आपल्या राज्यात शासकीय नोकरीत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, त्या कोणी तरी घेणारच, मग आपल्या मुलीने का घेऊ नये? पण मुदत घालून घ्यावी. आमच्या आळीतल्या एका मुलीला वडिलांनी पुण्याला ठेवले. खोली, मेस आणि अभ्यासिका मिळून महिन्याला दहा हजार जात. "एवढी एक जाहिरात होऊ दे," असे म्हणता म्हणता सहा वर्षे झाली. दोन वेळा ती चार-सहा गुणांनी राहिली. चार-सहा गुणांनी राहणे हे फार वाईट, कारण त्याने आशाही सुटत नाही.

मी मुलींना सांगते की दोन वर्षे. पहिल्या दिवशीच आईबापांसमोर बसून तारीख ठरवावी आणि ती कालनिर्णयावर नव्हे, कारण ते दरवर्षी बदलते, वहीत लिहून ठेवावी. ती तारीख आली की मुलगी हरली असे कोणी म्हणू नये, मुदत संपली असे म्हणावे. आणि त्या दोन वर्षांत अभ्यासाच्या जोडीला चार पैसे मिळतील असे एखादे काम हातात असावे. "अभ्यासात लक्ष लागणार नाही," असे बाप म्हणतात. माझा अनुभव उलट आहे. काम करणारी मुलगी वेळ वाया घालवीत नाही.

मग गर्दी नसलेली वाट कोणती, असे तुम्ही विचाराल. आपल्या मंडळाच्या कपाटातली पुस्तके मी दुपारी वाचते. त्यांत नागपूरच्या कमलाबाई होस्पेट यांची हकीकत आहे. लहानपणीच त्यांना वैधव्य आले. त्या काळी अशा बाईपुढे दोनच वाटा होत्या, एक स्वयंपाकघर आणि दुसरी देवघर. त्यांनी नागपूरच्या डफरीन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. बाळंतपण करणे हे भल्या घरच्या बाईचे काम नव्हे असे तेव्हा लोक मानीत. म्हणूनच तर त्या कामाला माणूस मिळत नव्हते आणि बाया बाळंतपणात दगावत होत्या. १९२१ साली वेणूताई नेने यांच्याबरोबर त्यांनी मातृ सेवा संघ काढला. लहानशा सूतिकागृहापासून सुरुवात झाली आणि पुढे त्याच्या शाखा विदर्भात व बाहेरही निघाल्या. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लोक त्यांच्या त्यागाविषयी बोलतात व ते योग्यच आहे. पण मला त्या हकीकतीत एक व्यवहारही दिसतो. जेथे काम पडून आहे आणि करायला कोणी पुढे येत नाही तेथे त्या गेल्या.

हीच नजर आपल्या खामगावाकडे लावून पाहू. आपले गाव कापसावर वाढले. कापसासाठीच १८७० साली जलंबपासून येथवर रेल्वेचा फाटा आला. पण जिनिंगमधले काम मोसमी. कापूस आला की हात हवेत, मोसम सरला की घरी बसा. त्याला मी नोकरी म्हणत नाही, घराला हातभार म्हणते. आपली चांदीची पेठ लांबलांबपर्यंत माहीत आहे. एम.आय.डी.सी.त हिंदुस्थान युनिलिव्हरचा कारखाना आहे, त्याशिवाय लहानमोठे पुष्कळ आहेत. अडत दुकाने, कृषी सेवा केंद्रे, दवाखाने, पतसंस्था आहेत. या सगळ्यांना काय लागते? २०१७ साली जी.एस.टी. आल्यापासून दुकान चांदीचे असो की सरकीचे, हिशेब संगणकावर ठेवावा लागतो. बी.कॉम. झालेल्या मुली पुष्कळ दिसतात, पण टॅलीवर महिन्याचा हिशेब स्वतः लावून देणारी मुलगी शोधावी लागते असे दुकानदारच सांगतात. तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी सुट्टीत एखाद्या कर सल्लागाराकडे चार महिने बिनपगारी का होईना, पण बसावे. प्रमाणपत्रापेक्षा ते चार महिने अधिक उपयोगी पडतात.

आपल्या गावात शासकीय आय.टी.आय. आहे. तेथे मुलींनी शिवणकामच घ्यावे असा काही कायदा नाही. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात आणि इलेक्ट्रिशियनच्या वर्गात त्या पुष्कळदा रिकाम्या जातात, असे तेथे शिकणाऱ्या मुलींकडून ऐकते. काही ट्रेड दहावी नापास मुलांनाही मिळतात. हे ज्यांच्या घरी दहावीचा निकाल बरा लागला नाही त्यांनी जरूर ध्यानात ठेवावे. आय.टी.आय. झाल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याप्रमाणे कारखान्यात अप्रेंटिस म्हणून घेतात व विद्यावेतन मिळते. मात्र अप्रेंटिस म्हणजे नोकरी नव्हे. २०२४ साली शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली तेव्हा पुष्कळ घरांत पेढे वाटले गेले. बारावीला ६ हजार, आय.टी.आय.ला ८ हजार, पदवीला १० हजार अशी सहा महिन्यांची ती व्यवस्था होती. शिकायला ठीकच, पण मुदत संपेल त्या दिवशी काय, हे रुजू होण्याच्या दिवशीच विचारावे.

माझ्या थोरल्या मुलीने बारावीनंतर जी.एन.एम. केले, तीन वर्षांचे. आज ती अकोल्याला एका इस्पितळात आहे. ती शिकत होती तेव्हा आमच्या नात्यातल्या एक बाई मला म्हणाल्या, "रात्रपाळीची सून कोण करील वं बाई?" मी काही बोलले नाही. मुलीचे लग्न झाले, जावई समजूतदार मिळाले, आणि गेल्या उन्हाळ्यात त्याच बाई आपल्या भाचीसाठी माझ्याकडे जी.एन.एम.च्या फॉर्मची चौकशी करायला आल्या. चहा पाजून सगळे सांगितले.

नर्सिंगचा कोर्स घेताना एक खबरदारी घ्यावी. कॉलेजची इमारत, बोर्ड व पत्रक पाहून पैसे भरू नयेत. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय ते आधी पाहावे, कारण परिषदेत नाव नोंदल्याशिवाय ती मुलगी परिचारिका ठरत नाही. मान्यता नसलेल्या जागी भरलेले पैसे आणि गेलेली वर्षे पाण्यात. तसेच, ज्या घराचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे त्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी व परीक्षा फी माफ करण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये केला. पण प्रवेश शासनाच्या प्रवेश फेरीतून झालेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ती सवलत गेली. काही दलाल घाईघाईने "जागा संपतील" म्हणून कोट्यातून प्रवेश करवतात, ते याच्याचसाठी.

मुलीचे काम निवडताना आणखी एक विचार मी करते. तो आजच्या मुलींना कदाचित रुचणार नाही. मुलगी लग्न करून कोणत्या गावी जाईल ते आज ठाऊक नसते. म्हणून बरोबर नेता येईल असे काम बरे. परिचारिका, हिशेबनीस, इलेक्ट्रिशियन यांचे काम कोणत्याही गावी चालते. माझी मुलगी यावर माझ्याशी वाद घालते. ती म्हणते, "आई, नवऱ्याने माझ्या गावी यावे असे का नाही?" तिचेही म्हणणे खोटे नाही. पण मी जे दिसते ते पाहून बोलते.

आता कागदांकडे येते. येथे मी जरा अधिक वेळ घेणार आहे, कारण मुली परीक्षेत जितक्या अडतात तितक्याच कागदांत अडतात, आणि त्यातही लग्न झालेल्या.

पहिले नावाचे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. पडताळणीच्या दिवशी साहेब विचारतात, "ही बाई कोण?" लग्नानंतर नाव बदलावे अशी कायद्याची सक्ती नाही. नाही बदलायचे तर कुठेच बदलू नका. बदलायचे तर आधी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र काढा, मग राजपत्रात नावाची नोंद करा, आणि मग एका ओळीने सर्व कागद दुरुस्त करा. अर्धे या नावाने व अर्धे त्या नावाने, असे मात्र ठेवू नका. इंग्रजी अक्षरेही सगळीकडे सारखी हवीत. एका मुलीच्या नावात एका कागदावर एक अक्षर जास्त होते, तेवढ्यासाठी तिला प्रतिज्ञापत्र करून तीन फेऱ्या माराव्या लागल्या.

दुसरे जातीच्या प्रमाणपत्राचे. लग्न झालेल्या बाईचे जातीचे प्रमाणपत्र माहेरच्या कागदांवरून निघते, नवऱ्याच्या कागदांवरून नाही. नॉन क्रिमिलेअरलासुद्धा आईवडिलांचेच उत्पन्न पाहतात. पुराव्याच्या तारखा ठरलेल्या आहेत. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा रहिवास व जातीचा पुरावा लागतो. एवढा जुना कागद वडिलांचा क्वचितच असतो, तेव्हा आजोबांचा शाळेचा दाखला शोधावा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर आपल्या भागात कोतवाल बुकाची नक्कल मिळते. त्यात जन्ममृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली सापडते. मुलगी दहावीत असतानाच हे काम करावे. निवडयादीत नाव आल्यावर पडताळणीसाठी बुलढाण्याला धावाधाव करण्यात काही अर्थ नसतो.

तिसरे मोबाईलचे. फॉर्मवर भावाचा नंबर देतात. भावाने नंबर बदलला की परीक्षेचे बोलावणे कुठे गेले ते देव जाणे. ई-मेल तर सेतूवाला काढून देतो आणि त्याचा पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो. पुढे त्याने दुकान बंद केले म्हणजे? मुलीच्या नावाचे सिमकार्ड, मुलीने काढलेला ई-मेल आणि पासवर्ड वहीत लिहिलेला, एवढे आपण आयांनी केले तरी अर्धे काम झाले. शंभर रुपयांची जाड पुठ्ठ्याची वही आणावी. कोणता अर्ज कोणत्या तारखेला भरला, नोंदणी क्रमांक काय, फी किती गेली, सगळे तीत. किराण्याचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे काही अवघड नाही.

बायोडाटाची तर गंमतच आहे. आपल्याकडे बायोडाटा म्हटले की लग्नाचाच डोळ्यांपुढे येतो. आमच्या ओळखीच्या एका मुलीने घाईत तोच कागद एका शोरूममध्ये नेऊन दिला. वर श्री गणेशाय नमः, खाली रास, नाडी, गण, उंची, मामाचे कुळ आणि अपेक्षा, सुस्वभावी व निर्व्यसनी. मालक भले गृहस्थ होते. ते हसले आणि तिला म्हणाले, "यातले सुस्वभावी एवढे आमच्या कामाचे आहे." नोकरीच्या कागदावर शिक्षण, काय काम येते, कोठे किती महिने केले आणि दोन ओळखीच्या माणसांची नावे पुरेत. ते एका पानात बसावे. रंग, उंची आणि गोत्र यांच्याशी पगार देणाऱ्याला काही करावयाचे नाही.

मुलाखतीला मुली फक्त उत्तरे देण्याची तयारी करून जातात. मी म्हणते, चार प्रश्न आपणही विचारावेत. नेमणुकीचे पत्र मिळेल काय? पगार बँकेत जमा होतो काय? पी.एफ. कापतात काय, आणि कापत असतील तर बारा आकड्यांचा यू.ए.एन. नंबर केव्हा मिळेल? कामावरून सुटायची वेळ आणि शेवटची बस यांचा मेळ बसतो काय? बायकांसाठी वेगळे स्वच्छतागृह आहे की नाही ते विचारायला लाज वाटत असेल तर जाऊन पाहून यावे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांच्या तक्रारीसाठी समिती असावी लागते, तिचा फलक भिंतीवर आहे का तेही दिसते. ज्या मालकाला हे विचारलेले आवडत नाही त्याच्याकडे न गेलेले बरे. मुलाखतीला अकोल्याला-बुलढाण्याला जाणे आता पूर्वीसारखे जड नाही. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. आदल्या दिवशी एकदा जाऊन जागा पाहून यायलाही परवडते.

पैसे मागणाऱ्यांविषयी मी स्पष्टच बोलते. नोकरीसाठी जो पैसे मागतो त्याच्याजवळ नोकरी नसते. असली तरी ती टिकत नाही. टी.ई.टी.च्या परीक्षेत पैसे देऊन गुण वाढवून घेतल्याचे प्रकरण २०२१ च्या डिसेंबरात उघडकीस आले. २०२२ साली सात हजार आठशेंहून अधिक उमेदवारांवर बंदी आली. ज्यांनी शेत विकून दिले त्यांचे शेतही गेले व नावही गेले. मोबाईलवर "रेल्वेत थेट भरती, पाच हजार भरा" असे येते. रेल्वेची भरती रेल्वेच्या अधिकृत जाहिरातीनेच होते. कोणी फसवलेच तर रडत न बसता त्याच घटकेला १९३० या नंबरावर फोन करावा, पैसे पुढे सरकण्याआधी थांबवता येतात.

आता माझ्या वयाच्या बायकांविषयी. बायकांच्या सभेत रोजगाराचा विषय निघाला की पापड-लोणची निघाल्याशिवाय राहत नाहीत. मला त्याचा थोडा कंटाळा आहे. लिज्जतचे उदाहरण सारे देतात. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, ते खरे. पण ते पापडामुळे चालले नाही. सकाळी मळलेले पीठ मोजून न्यायचे, दुसऱ्या दिवशी पापड मोजून द्यायचे, सर्वांचा पापड एकसारखा आणि कामाची मजुरी हातात, या शिस्तीवर ते चालले. ती शिस्त असेल तर कोणताही धंदा करा. नसेल तर शेजारणींच्या गळ्यात पापड मारून वर्षाला दोन हजार सुटतात आणि मन दुखते ते वेगळे.

नोकरीच हवी असेल तर वयाची अट आधी पाहावी. राज्य शासनाच्या बहुतेक भरतीला खुल्या वर्गाला ३८ व राखीव वर्गाला ४३ वर्षे ही मर्यादा आहे. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना आता बारावी पास लागते, वय १८ ते ३५, विधवा भगिनींना ४० पर्यंत, आणि त्याच गावची रहिवासी असावी लागते. आशाताईंसाठी वय २५ ते ४५ आणि शिक्षण दहावी. म्हणजे आपणा पुष्कळ जणींची गाडी वयावर नाही, तर दहावीवर अडते.

आणि दहावी करता येते! हे पुष्कळ जणींना ठाऊकच नाही. जी पाचवी पास आहे व जिचे वय चौदा वर्षे पूर्ण आहे तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीच्या परीक्षेला बसता येते. वरच्या वयाची अडचण नाही. आपला जिल्हा अमरावती विभागीय मंडळाखाली येतो. फॉर्म साधारण पावसाळ्यात ऑनलाईन निघतात, जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते आणि परीक्षा शाळेतल्या मुलांबरोबरच होते. आमच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला खामगावला यावे लागे आणि एकट्या मुलीला कोण पाठविणार? म्हणून माझी पाटी तेथेच ठेवली गेली. यंदा मी सतरा नंबर भरला आहे. गावच्या शाळेत दाखला आणायला गेले तेव्हा गुरुजींनी जुने रजिस्टर काढून माझे नाव शोधले. मला बीजगणित काही केल्या येत नाही. धाकटी मुलगी रात्री शिकवते आणि माझ्यावर ओरडते. घरचे म्हणतात, "आता या वयात कशाला?" मी त्यांना पार्वतीबाई आठवल्यांची गोष्ट सांगते. वैधव्य आल्यावर मोठेपणी त्या शिकल्या, कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी दारोदार फिरल्या आणि १९१८ साली इंग्रजी येत नसताना अमेरिकेला गेल्या. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि आश्रमासाठी पैसे जमवून परत आल्या. मला तर फक्त खामगावच्या परीक्षा केंद्रापर्यंत जायचे आहे.

अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे पाहिलेले मला दिसले, तेव्हा आटोपते घेते. चिटणीसबाईंच्या परवानगीने एक निवेदन तेवढे करावयाचे आहे. येत्या गुरुवारपासून दर गुरुवारी दुपारी दोन ते चार मंडळाच्या खोलीत मी व आणखी दोघी जणी बसणार आहोत. ज्यांना मुलींचे किंवा स्वतःचे कागद तपासून घ्यावयाचे आहेत त्यांनी मूळ कागद, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणि चार फोटो आणावेत. मोबाईल चार्ज करून आणावा, ओ.टी.पी. त्यावरच येतो. आणि ज्यांचा शाळेचा दाखला माहेरी पडला आहे त्यांनी दिवाळीची वाट न पाहता आज घरी गेल्याबरोबर भावाला फोन करावा.